घाबरायचं काम माझ्याकडे

रात्री अडीचला थर्मामीटरनं १०१.४ दाखवलं आणि मी दिवा लावून गोळ्या मोजायला बसले. हायड्रोकॉर्टिझोनच्या, दहा मिलिग्रॅमच्या. ७४ निघाल्या. एरवी मला दिवसाला दोन लागतात: सकाळी उठल्या उठल्या एक, दुपारी अर्धी, संध्याकाळी पाचच्या सुमारास अर्धी. पण आता दर सहा तासांनी दोन घ्यायच्या, म्हणजे दिवसाला आठ. पंचवीस वर्षं गणित शिकवत असल्यामुळे बोटं आपोआप हिशेब करतात. नऊ दिवस पुरतील. यांना उठवून तेवढं सांगितलं आणि पहिल्या दोन गोळ्या पाण्याबरोबर घेतल्या.

सप्टेंबर २०२० चा दुसरा आठवडा होता. सांगली-मिरजेत तेव्हा खाट मिळवायची म्हणजे ओळखीच्या ओळखीचे फोन नंबर गोळा करायचे. रात्री रस्त्यावर ॲम्ब्युलन्सशिवाय दुसरा आवाज नसायचा. त्या दिवसांत ताप आलेल्या प्रत्येकाच्या पोटात गोळा येत होता. माझ्याही आला. फरक एवढाच की बाकीच्यांच्या पोटात गोळा आला की त्यांचं शरीर लगेच कामाला लागतं. माझं लागत नाही.

मला ॲडिसनचा आजार आहे. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक लहानशी ग्रंथी असते, अधिवृक्क ग्रंथी. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. तिच्या आतल्या भागातून ॲड्रेनॅलिन येतं, त्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं. बाहेरच्या थरातून कॉर्टिसोल येतं, आणि माणूस जगतो तो मुख्यतः त्याच्या जोरावर. ताप आला, हाड मोडलं, ऑपरेशन झालं, जवळचं माणूस गेलं, की या ग्रंथी नेहमीच्या कितीतरी पट कॉर्टिसोल रक्तात सोडतात. त्यानं रक्तदाब धरून राहतो, साखर एकदम खाली जात नाही, आणि जंतूंशी लढता लढता आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या अंगावर उलटत नाही. माझ्या दोन्ही ग्रंथी टीबीनं खाल्ल्या, म्हणून ते कॉर्टिसोल मी गोळीतून घेते. हायड्रोकॉर्टिझोन म्हणजे तेच, एक स्टिरॉइड. मी लहान असताना घरात आजोबांना टीबी होता. ते जंतू माझ्या अंगात तीस-पस्तीस वर्षं निजून राहिले असावेत. अशा ग्रंथी जवळजवळ नव्वद टक्के नष्ट होईपर्यंत बाहेर काही कळत नाही, आणि कळतं तेव्हाही कुणाला ओळखू येत नाही.

माझ्या बाबतीत ओळखायला एक वर्ष लागलं, २०१२ पासून २०१३ पर्यंत. आधी रंग काळवंडला. उन्हाचं म्हणावं तर हाताच्या तळव्यांवरच्या रेषा काळ्या झाल्या होत्या, बोटांची पेरं आणि हिरड्यासुद्धा. स्टाफरूममध्ये बायका क्रीम सुचवायच्या. वजन ११ किलोनं उतरलं. सकाळी प्रार्थनेला उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी यायची, म्हणून मी भिंतीला टेकून उभी राहायला लागले. आणि मीठ! मिठाची अशी ओढ मला कधीच नव्हती. कैरीच्या लोणच्याचा खार मी बशीत ओतून पीत असे. सासूबाई बघून म्हणाल्या, "अगं, या वयात हे कसले डोहाळे?" शरीरातून मीठ वाहून जात होतं आणि ते परत मागत होतं, एवढंच त्यामागे होतं. डॉक्टर मात्र ॲसिडिटीची गोळी देत होते, टॉनिक देत होते आणि टेन्शन घेऊ नका म्हणत होते. एप्रिल २०१३ मध्ये साध्या जुलाब-उलट्यांत मी घरातच कोसळले. रक्तातलं सोडियम घसरून ११८ वर आलं होतं. मिरजेत एका शिकाऊ डॉक्टर मुलीनं माझा ओठ खाली ओढून हिरड्या बघितल्या, तळवे उलटे करून बघितले आणि वरिष्ठांना बोलावून आणलं. त्या मुलीचे उपकार मी आजही मानते.

पुढची तपासणी पुण्यात झाली. सकाळी आठला, जेव्हा कॉर्टिसोल दिवसात सर्वांत जास्त असायला हवं, तेव्हा रक्त घेतलं. आकडा आला १.२. मग ग्रंथींना जागं करणारं इंजेक्शन देऊन तासाभरानं पुन्हा रक्त घेतलं. धडधाकट माणसात हा आकडा १८ च्या पुढे जायला हवा. माझा १.४ वर थांबला. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही ग्रंथींवर कॅल्शियमचे पांढरे ठिपके होते. टीबीचा कोर्स पूर्ण झाला, जंतू मेले, ग्रंथी मात्र परत आल्या नाहीत. त्या काळात टीबीचं रिफाम्पिसिन सुरू असल्यामुळे हायड्रोकॉर्टिझोनचा डोससुद्धा वाढवावा लागला होता, कारण ते औषध यकृताला कॉर्टिसोल भराभर संपवायला लावतं. एकेका औषधाचा दुसऱ्याशी असा हिशेब असतो, हे मी तेव्हापासून शिकत आले.

पुण्याच्या एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टर, मॅडमनी पहिल्याच भेटीत मला एक वाक्य सांगितलं. "तुमचं शरीर आता घाबरू शकत नाही. घाबरायचं काम यापुढे तुम्ही करायचं, वेळेवर आणि मोजून." हा आजार लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसननं १८५५ साली पहिल्यांदा नीट लिहून ठेवला आणि त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं त्यावर औषधच नव्हतं, हेही त्यांनीच सांगितलं. तेव्हा निदान झालेली माणसं मरत. मी रोज वीस मिलिग्रॅमवर जगते.

घाबरण्याचे नियम माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले आहेत. ताप आला की डोस दुप्पट. ताप १०२ च्या वर गेला की तिप्पट. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर गोळी पुन्हा. तीही पडली तर वाट न बघता मांडीत १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि मग दवाखाना. मार्च २०२० मध्ये मॅडमनी फोन करून आम्हा सगळ्या पेशंटांना कोरोनापुरता वेगळा नियम दिला: नुसता संशय आला तरी दर सहा तासांनी वीस मिलिग्रॅम, रात्रीचासुद्धा चुकवायचा नाही. या तापात नेहमीची दुप्पट पुरणार नाही, असं परदेशातल्या तज्ज्ञांचं म्हणणं होतं. लॉकडाऊनमध्ये या गोळ्या सांगलीत फक्त एका दुकानात मिळत. यांनी एप्रिलमध्येच दोन महिन्यांच्या आणून ठेवल्या. आम्ही बाकी काही साठवलं नाही.

जूनमध्ये पेपरात एक बातमी आली होती आणि ती मी कापून ठेवली होती. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या डॉक्टरांनी तिथल्या तीन हॉस्पिटलांत दाखल झालेल्या ५३५ रुग्णांचं कॉर्टिसोल मोजलं होतं. त्यांतले ४०३ कोरोनाचे. भरती झाल्यापासून ४८ तासांच्या आत रक्त घेतलेलं. कोरोनावाल्यांत कॉर्टिसोल बाकीच्यांपेक्षा जास्त होतं, काहींत तर तिकडच्या मापात तीन हजारांच्या वर. ज्यांचं ७४४ च्या पुढे होतं त्यांच्यातले निम्मे लोक १५ दिवसांत गेले. त्याखालच्यांत ही मुदत ३६ दिवस होती. आपल्या लॅबच्या मापात ७४४ म्हणजे साधारण २७. मी मॅडमना फोन केला. म्हटलं, जास्त कॉर्टिसोलनं माणसं दगावत असतील तर मी मुठीनं गोळ्या कशा घेऊ?

त्या म्हणाल्या, "धूर जास्त दिसतो तिथं आग मोठी असते. धुरानं आग लागत नाही." ज्यांचा आजार जास्त गंभीर, त्यांचं शरीर जास्त हाका मारतं आणि ती हाक रक्तात मोजता येते, असा त्याचा अर्थ होता. उलट त्यांना स्वतःला ती बातमी वाचून हायसं वाटलं होतं. २००३ च्या सार्समधून वाचलेल्या ६१ जणांना सिंगापूरच्या डॉक्टरांनी नंतर तपासलं, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांचं कॉर्टिसोल कमी भरलं होतं. कोरोनाही तसाच ग्रंथींवर घाव घालेल की काय, अशी धास्ती होती. लंडनच्या आकड्यांवरून निदान भरतीच्या वेळी तरी ग्रंथी जोरात काम करत होत्या, हे दिसलं. "तुमच्या गोळ्या म्हणजे जास्तीचं कॉर्टिसोल नव्हे," त्या म्हणाल्या, "इतरांचं शरीर जे स्वतः करतं तेच तुम्ही हातानं करताय."

तर त्या रात्री मी हातानं करायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी स्वॅब दिला, तिसऱ्या दिवशी पॉझिटिव्ह आला. यांचाही आला, पण यांचा ताप एका दिवसात उतरला. माझा ऑक्सिजन ९७ वरून ९५ आणि चौथ्या दिवशी सकाळी ९४. तोवर मी चालत-बोलत होते. दुपारी बाराच्या गोळ्या घेतल्या आणि दहा मिनिटांत उलटी झाली. पुन्हा घेतल्या, पुन्हा पडल्या. पाठीतून आणि पोटऱ्यांतून तो ओळखीचा ठणका यायला लागला. घशाला कोरड आणि डोक्यात धुकं. २०१३ नंतर पहिल्यांदाच ते धुकं येत होतं आणि मी त्याला ओळखलं.

इंजेक्शन घरीच घ्यायला हवं होतं. नियम तसाच आहे. पण दवाखाना दहा मिनिटांवर होता, खाट मिळाल्याचा फोन नुकताच आला होता, आणि तिथं सलाइनमधूनच देतील असं आम्हाला वाटलं. ही चूक आमची. इंजेक्शनची पेटी मात्र बरोबर घेतली.

कॅज्युअल्टीतले डॉक्टर तरुण होते. पीपीई किटच्या आत घामानं चष्म्यावर वाफ धरलेली. सकाळपासून त्यांनी पाणीसुद्धा प्यायलं नसावं. त्यांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि ९४ बघून म्हणाले, "मॅडम, तुम्हाला ऑक्सिजन लागत नाहीये. या स्टेजला स्टिरॉइड देत नाहीत. नुकसान होतं." मी हातातलं मॅडमचं पत्र पुढे केलं. त्यांनी लांबूनच बघितलं, कागदाला हात लावायची तेव्हा भीती होती. यांनी पुन्हा सांगितलं, तिला रोजच लागतं, तिच्या अंगात तयार होत नाही. ते म्हणाले, "म्हणजे आधीच स्टिरॉइड सुरू आहे? मग तर आणखी नकोच."

ते जे बोलत होते ते खोटं नव्हतं, हे मला त्या धुक्यातही कळत होतं. कोरोनावरची औषधं तपासणाऱ्या ऑक्सफर्डच्या रिकव्हरी ट्रायलचा निकाल जूनमध्येच आला होता. डेक्सामिथासोन हे जास्त जोरकस स्टिरॉइड रोज ६ मिलिग्रॅम दिल्यावर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर. आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काही फायदा झाला नाही, त्यांत मृत्यूचा आकडा उलट थोडा जास्तच दिसला. त्या मुलानं नेमकं हेच वाचलं होतं आणि नेमकं हेच तो पाळत होता. पण ते सगळे आकडे ज्यांच्या ग्रंथी जागेवर आहेत अशा लोकांचे होते. पेटती चूल असलेल्या घरात आणखी लाकडं घालायची की नाही, असा तो प्रश्न होता. माझ्या घरात चूलच विझलेली होती.

रक्तदाब ८४/५० होता. तो "सलाइन लावू, मग बघू" म्हणत दुसऱ्या पेशंटकडे वळला, कारण तो पेशंट निळा पडत होता. यांनी मला उचलून पुन्हा गाडीत आणून बसवलं. पेटी उघडली. बाटलीत पांढरी पूड असते आणि बरोबर पाण्याची काचेची अँप्युल. यांनी मोसंब्यांवर सराव केलेला होता. २०१३ पासून दर दिवाळीला आम्ही दोघं जुन्या मुदतीची बाटली काढून सराव करतो आणि नवी आणून ठेवतो. त्या दिवशी यांचे हात थरथरत होते, मी बघत होते. अँप्युल फोडली, पाणी सिरिंजमध्ये ओढलं, पुडीत सोडलं, बाटली हलवली, पुन्हा ओढलं. साडीवरूनच मांडीत सुई घातली. दवाखान्याच्या फाटकासमोर उन्हात उभ्या असलेल्या गाडीत, मागे ॲम्ब्युलन्स हॉर्न देत असताना.

आणि मग यांनी पुण्याला फोन लावून तो फोन थेट त्या डॉक्टरांच्या कानाशी नेला. मॅडम काय बोलल्या ते मला नंतर कळलं. त्यांनी रागावण्यात वेळ घालवला नाही. "डॉक्टर, कोरोना बाजूला ठेवा. ॲड्रिनल क्रायसिस आहे, अंगातलं कॉर्टिसोल संपलंय. सोडियम, पोटॅशियम, शुगर बघा, पहिल्या तासात एक लिटर नॉर्मल सलाइन, आणि हायड्रोकॉर्टिझोन ५० मिलिग्रॅम दर सहा तासांनी. एवढंच लिहून घ्या." सोडियम १२४, पोटॅशियम ५.९, साखर ६२ आली. ते आकडे बघितल्यावर तो मुलगा स्वतः माझ्या खाटेशी आला आणि शेवटपर्यंत तोच माझं बघत राहिला. संध्याकाळी सातला रक्तदाब ११० वर होता. डोक्यातलं धुकं इतक्या लवकर सरलं की मला वॉर्डमधल्या पंख्याचा आवाज नव्यानं ऐकू आला.

सहाव्या दिवशी ऑक्सिजन ८८ वर गेला आणि मास्क लागला, मिनिटाला सहा लिटर. फुप्फुसांच्या स्कॅनचा, म्हणजे एचआरसीटीचा, स्कोअर २५ पैकी ११. आता प्रश्न उलटा झाला: मला वेगळं डेक्सामिथासोन द्यायचं का? २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिझोन म्हणजे पाऊण मिलिग्रॅम डेक्सामिथासोन. मला दिवसाला २०० मिळत होतं, म्हणजे साडेसात. सहापेक्षा जास्तच. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच महिन्याच्या २ तारखेला गंभीर रुग्णांसाठी डेक्सामिथासोनऐवजी हायड्रोकॉर्टिझोन ५० मिलिग्रॅम दर आठ तासांनी चालेल असं सांगितलं होतं. म्हणून तेच पुढे सुरू ठेवायचं ठरलं. डेक्सामिथासोनला मीठ राखून ठेवण्याची ताकद जवळजवळ नसते, हेही कारण होतं. माझी मीठ धरून ठेवणारी दुसरी गोळी, फ्लुड्रोकॉर्टिझोन, तेवढे दिवस बंद ठेवता आली, कारण इतक्या मोठ्या डोसात हायड्रोकॉर्टिझोन तेही काम करतं. तो तरुण डॉक्टर आणि मी खाटेवर बसून हा हिशेब एका कागदावर मांडत होतो. मास्कमधून बोलताना धाप लागत होती, म्हणून मी आकडे लिहून दाखवत होते.

शेजारच्या खाटेवर तासगावकडच्या एक आजी होत्या. द्राक्षबागेत उभं आयुष्य गेलेल्या, हाताची बोटं वेलीसारखी पिळदार. त्यांना तापाच्या दुसऱ्याच दिवशी गावात कुणीतरी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या. ऑक्सिजन तेव्हा उत्तम होता. साखरेचा आजार होता, पण तो कुणी विचारलाच नाही. भरती झाल्या तेव्हा साखर ४१२. सिस्टरनी आम्हा दोघींना एकापाठोपाठ इंजेक्शन दिलं की त्या मान वळवून विचारायच्या, "पोरी, तुला बी त्येच हाय न्हवं?"

"तेच आहे आजी. तुम्हाला जास्त झालंय, मला मुळातच नाहीये."

"येकच औशद, आन् येकीला ज्यादा, येकीला न्हाईच," असं म्हणून त्या बराच वेळ छताकडे बघत राहायच्या. त्यांना दर जेवणाआधी इन्सुलिन लागत होतं. मलाही थोडं लागलं, साखर २१० पर्यंत गेली होती. पालथं झोपायला सांगितलेलं असायचं आणि आजींना ते जमायचं नाही. मग मी त्यांच्याकडे तोंड करून पालथी पडायचे, म्हणजे त्याही पडायच्या.

वॉर्डमधल्या पाचव्या रात्रीची गोष्ट सांगायला हवी. मी मोबाइलवर चार गजर लावले होते: सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. पहिल्या रात्रीपासून बाराचा गजर झाला की मी मान वर करून बघायचे, सिस्टर यायच्या. त्या रात्री आजीसाठी धावपळ झाली, मग पाळी बदलली, आणि मी थकून गजर बंद करून पुन्हा झोपले. साडेतीनला जाग आली ती मळमळीनं आणि कमरेतल्या ठणक्यानं. चादर घामानं ओली. वीस-बावीस पेशंटांमागे एकच सिस्टर, तीही सहा तास किटमध्ये बांधलेली. कुणाला दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही. मी बेल दाबली आणि ती आल्यावर तीनच शब्द बोलले, "बाराचं राहिलं, ताई." तिनं फाइल उघडून बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. रक्तदाब ९० होता. पाच मिनिटांत इंजेक्शन दिलं. पहाटे पुन्हा येऊन तिनं माझ्या खाटेच्या दांडीला चिकटपट्टी लावली आणि मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: ६-१२-६-१२, चुकवू नये. पुढे प्रत्येक पाळीतल्या सिस्टर आधी ती पट्टी वाचायच्या.

धडधाकट माणसात मध्यरात्रीला कॉर्टिसोल सगळ्यांत खाली असतं आणि पहाटेपासून चढत जातं. म्हणजे आपण झोपेत असतानाच शरीर उद्याच्या दिवसाची तयारी करून ठेवतं. वॉर्डमध्ये त्या खाटांवर पडलेल्या प्रत्येकाच्या अंगात ही चढण बिघडलेली असणार, रात्रंदिवस एकसारखी घंटा वाजत असणार. मी पालथी पडून त्यांचे मॉनिटर ऐकायचे. माझ्या अंगात घंटा नव्हती, फक्त मोबाइलचा गजर होता. त्या बारा दिवसांत मला पहिल्यांदाच त्या ग्रंथींची किती आठवण आली ते सांगता येत नाही. गेलेल्या माणसाची येते तशी.

दहाव्या दिवशी मास्क निघाला. इंजेक्शन थांबवून गोळ्या सुरू केल्या, दिवसाला ८० पासून खाली. फ्लुड्रोकॉर्टिझोन पुन्हा सुरू करायचं मी स्वतः आठवण करून दिलं. बाराव्या दिवशी डिस्चार्ज कार्ड हातात आलं आणि यांनी ते घरी जाऊन वाचू म्हणून खिशात घातलं. मी मागून घेतलं आणि गाडीतच वाचलं. इतर सगळ्यांच्या कार्डावर असते तीच ओळ माझ्याही कार्डावर होती: स्टिरॉइड ५ दिवस, नंतर बंद.

संगणकातून एकासारखी निघालेली ओळ. आजींसाठी ती अगदी बरोबर होती. दहा-बारा दिवस घेतलेलं स्टिरॉइड थांबवलं तर ग्रंथी पुन्हा आपलं काम हाती घेतात. माझ्यासाठी त्या एका शब्दाचा अर्थ वेगळा होता. समजा मी घरात एकटी असते, समजा मी हा आजार झालेली एखादी नवी पेशंट असते, समजा मला वाचताच येत नसतं. यांनी गाडी वळवली. त्या तरुण डॉक्टरनं कार्ड बघितलं, त्याचा चेहरा उतरला. त्यानं "बंद" खोडून हातानं लिहिलं, "आजन्म. कधीही थांबवू नये." आणि खाली सही केली. ते कार्ड मी जपून ठेवलं आहे.

घरी आल्यावर नेहमीच्या वीस मिलिग्रॅमवर यायला तीन आठवडे लागले. जिना चढताना मांड्या लटपटायच्या. मोबाइलवरून नववीचा तास घेताना वर्गमूळ सांगता सांगता श्वास अडकायचा आणि पोरं शांत बसून वाट बघायची. डिसेंबरात मॅडमना दाखवायला पुण्याला गेले तेव्हा बाहेरच्या बाकांवर गर्दी होती. त्यांनी सांगितलं की आता वेगळ्याच तऱ्हेचे पेशंट येताहेत: कोरोनानंतर खोकला जात नाही म्हणून महिना-दीड महिना स्टिरॉइड घेतलेले आणि मग बरं वाटतंय म्हणून एका दिवशी सोडून दिलेले. इतके आठवडे बाहेरून मिळत राहिलं की ग्रंथी झोपी जातात आणि त्यांना उठवायला डोस हळूहळू उतरवावा लागतो. हे लोक अंगात त्राण नाही, उभं राहिलं की गरगरतं, अन्न नको वाटतं म्हणत यायचे आणि घरचे त्यांना अशक्तपणा आहे, टेन्शन आहे म्हणायचे. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या ग्रंथी काही महिन्यांत जाग्या होतात. बाहेर बाकावर बसलेल्या एका पोराकडे बघून मला फार बरं वाटलं, की याच्या जाग्या होतील.

एप्रिल २०२१ मध्ये लस घेतली. रात्री ताप आला, डोस दुप्पट केला, दोन दिवसांत उतरला. दिवाळीला मोसंबी आणि नवी बाटली आलीच.

गेल्या वर्षी मॅडमनी विचारलं, इचलकरंजीच्या एक बाई आहेत, उद्या तपासणीला येणार आहेत, फार घाबरल्यात, तुम्ही बोलाल का? संध्याकाळी फोन आला. पलीकडून आवाज अगदी बारीक. त्या मशीनवर काम करतात, वर्षभर चक्कर येते, रंग काळा पडला म्हणून सासरचे बोलतात, टेन्शन घेऊ नका असं सगळे डॉक्टर सांगतात. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, लोणच्याचा खार पिता का हो?"

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग त्या रडायलाच लागल्या.